सुवर्ण नॅनोकणांच्या आवरणाची सुरक्षा कशी तपासावी: कुपीतील द्रावापासून प्राण्यांवरील चाचणीपर्यंत

सोने निष्क्रिय धातू आहे, म्हणून त्याचे नॅनोकण शरीराला निर्धोक असणार, असे विधान अनेक प्रबंधांच्या प्रस्तावनेत आढळते. ते अर्धेच खरे आहे. संधिवातावर दिल्या जाणाऱ्या सोन्याच्या क्षारांमुळे मूत्रपिंडावर आणि त्वचेवर दुष्परिणाम होतात, हे वैद्यकाला जुनेच ठाऊक आहे. २००७ साली जर्मनीतील आखेन येथील संशोधकांनी दाखवून दिले की, त्याच जातीचे आवरण असलेले १५ नॅनोमीटरचे कण पेशींना विशेष बाधले नाहीत, तरी १.४ नॅनोमीटरच्या कणांनी त्या मारल्या. दंडाकृती सुवर्णकणांची विषारकता मुख्यतः धातूमुळे नसून, ते घडवताना वापरलेल्या सीटॅब या साबणासारख्या रसायनाच्या द्रावात उरलेल्या अंशामुळे येते, हे २००९ च्या एका अभ्यासातून स्पष्ट झाले. तपासायची वस्तू ‘सोने’ ही नसून कुपीतला संपूर्ण द्राव आहे: गाभा, आवरण, न चिकटलेले आवरणाचे रेणू, उरलेली अभिकारके आणि नकळत शिरलेले जिवाणूंचे अवशेष. पुढील सर्व पायऱ्या याच एका गोष्टीवर उभ्या आहेत.

उदाहरणादाखल एक ठरावीक नमुना घेऊ. सायट्रेट पद्धतीने, म्हणजे १९५१ मध्ये टर्केविच आणि सहकाऱ्यांनी मांडलेल्या रीतीने, बनवलेले सुमारे १५ नॅनोमीटर व्यासाचे गोल कण. त्यांवर एका टोकाला थायोल हा सोन्याला चिकटणारा गंधकयुक्त गट असलेल्या, ५,००० डाल्टन वजनाच्या पॉलिइथिलीन ग्लायकॉलचे, अर्थात पेगचे, आवरण. आणि हेतू शिरेतून टोचण्याचा. हा नमुना काल्पनिक नाही. पेग आणि ट्यूमर नेक्रोसिस फॅक्टर हे प्रथिन लावलेल्या २७ नॅनोमीटरच्या सुवर्णकणांची कर्करुग्णांवरील पहिल्या टप्प्याची चाचणी २०१० मध्ये प्रसिद्ध झालेली आहे.

बॅचची ओळख पटवणे

पेशींना हात लावण्यापूर्वी आपल्याकडे नेमके काय आहे, हे किमान तीन स्वतंत्र पद्धतींनी ठरवावे. अतिनील-दृश्य वर्णपटात १५ नॅनोमीटरच्या कणांचे शिखर ५२० नॅनोमीटरच्या आसपास येते. पेग बसल्यावर ते एक-दोन नॅनोमीटर सरकते आणि तेवढे चालते. शिखर रुंदावून ६०० च्या पुढे शेपूट निघाली आणि लाल द्राव जांभळट दिसू लागला, तर कण गुठळ्या धरत आहेत असे समजावे आणि ती बॅच तिथेच बाजूला ठेवावी.

इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातून गाभ्याचा व्यास मिळतो. काही शे कण मोजून सरासरी आणि प्रमाण विचलन दोन्ही द्यावे. पेगचा थर या चित्रात सहसा दिसत नाही, म्हणून द्रवातील व्यासासाठी डीएलएस, म्हणजे विखुरलेल्या प्रकाशावरून आकार काढणारी चाचणी, करावी. १५ नॅनोमीटरच्या गाभ्यावर ५,००० डाल्टनचा पेग नीट बसला, तर हा व्यास साधारण ३० ते ४० नॅनोमीटर दिसतो. विखुरलेल्या प्रकाशाची तीव्रता व्यासाच्या सहाव्या घातानुसार वाढत असल्यामुळे मूठभर गुठळ्याही डीएलएसचे मोजमाप व्यापून टाकतात. म्हणून दोन्ही पद्धतींचे आकडे शेजारी ठेवून वाचावेत, एकाच्या बळावर निष्कर्ष काढू नये. पृष्ठभागावरील भारासाठी झीटा विभव मोजावा: सायट्रेट कणांचा तो ठळक ऋण असतो, पेग बसल्यावर शून्याकडे सरकतो. उपकरण बरोबर वाचते आहे याची खात्री करण्यासाठी अमेरिकेच्या निस्ट या मोजमाप-मानक संस्थेचे १०, ३० आणि ६० नॅनोमीटरचे प्रमाणित सुवर्णकण, म्हणजे संदर्भद्रव्ये ८०११, ८०१२ आणि ८०१३, अनेक प्रयोगशाळा वापरतात.

मात्रा कशात सांगावी

येथे फार गोंधळ होतो, म्हणून थोडा हिशेब करू. द्रावातील एकूण सोने आयसीपी-एमएस या धातूंचे सूक्ष्म प्रमाण मोजणाऱ्या यंत्राने मोजावे. झटपट अंदाजासाठी ४०० नॅनोमीटरवरील शोषण उपयोगी पडते: एक सेंटिमीटरच्या क्युव्हेटमध्ये ते १.२ आले, तर सोने सुमारे ०.५ मिलिमोलर, म्हणजे दर मिलिलिटरला साधारण ९८ मायक्रोग्रॅम धरतात.

सोन्याची घनता १९.३ धरल्यास १५ नॅनोमीटरच्या एका कणाचे वजन सुमारे ३.४ गुणिले १० चा उणे १७ वा घात ग्रॅम भरते. म्हणजे १०० मायक्रोग्रॅम सोन्यात जवळपास तीन लाख कोटी कण असतात आणि त्यांचे एकत्रित पृष्ठफळ सुमारे २० चौरस सेंटिमीटर होते. तेवढेच सोने ६० नॅनोमीटरच्या कणांत असेल, तर कणांची संख्या ६४ पटींनी घटते आणि पृष्ठफळ चौथ्या हिश्श्यावर येते. आवरणाचे रेणू पृष्ठफळावर बसतात आणि पेशीचा संबंधही पृष्ठभागाशीच येतो. त्यामुळे ‘५० मायक्रोग्रॅमला विषारी नाही’ एवढे लिहून दोन आकारांची तुलना होत नाही. अहवालात वस्तुमान, कणसंख्या आणि पृष्ठफळ हे तिन्ही आकडे द्यावेत.

धुणे, आणि वरचा द्राव जपून ठेवणे

न चिकटलेला पेग, सायट्रेट आणि उरलेले क्लोरोऑरिक आम्ल काढण्यासाठी कण सेंट्रिफ्यूजमध्ये खाली बसवून, वरचा द्राव काढून, पुन्हा शुद्ध पाण्यात विखुरतात. असे दोन-तीन वेळा करावे. पेग लावलेले कण उघड्या कणांपेक्षा सावकाश बसतात, हे वेळ ठरवताना लक्षात घ्यावे. वेग वाढवून घाई केली, तर तळाशी सुटी न होणारी चकती तयार होते. कण फार लहान असल्यास सेंट्रिफ्यूजऐवजी डायलिसिस करावे.

शेवटच्या धुण्यातला वरचा द्राव मात्र ओतून देऊ नये. माझ्या मते संपूर्ण अभ्यासातला सर्वांत मोलाचा कंट्रोल तोच आहे. पेशींवर, रक्तावर, एंडोटॉक्सिन या जिवाणूंच्या विषासाठी अशी जी चाचणी कणांवर होईल, तीच या कणविरहित द्रावावरही करावी. कणांनी आणि त्यांच्या वरच्या द्रावाने सारख्याच पेशी मारल्या, तर दोष कणांचा नसून धुणे अपुरे आहे. सीटॅब वापरून केलेल्या दंडाकृती कणांच्या बाबतीत तर या कंट्रोलशिवाय काढलेल्या निष्कर्षाला काहीच अर्थ उरत नाही.

आवरण शरीरात टिकते का

पहिली परीक्षा मिठाची. द्रावात सोडियम क्लोराइड मिसळत जाऊन अंतिम प्रमाण १० टक्क्यांपर्यंत न्यावे. उघडे सायट्रेट कण त्याच्या कितीतरी आधीच निळसर पडतात, नीट आवरण असलेले लालच राहतात. ही परीक्षा स्वस्त आहे, मिनिटांत होते आणि प्रत्येक बॅचवर करण्याजोगी आहे.

मीठ सोसले म्हणजे रक्त सोसेल असे मात्र नाही. कण फॉस्फेट बफरमध्ये, दहा टक्के सीरम असलेल्या पेशी-माध्यमात आणि मानवी प्लाझ्मामध्ये ३७ अंश सेल्सिअसला ठेवून १, २४, ४८ आणि ७२ तासांनी वर्णपट घ्यावा. प्लाझ्मातील प्रथिने कणांभोवती जमतात आणि पेशीला प्रत्यक्ष भेटतो तो हा प्रथिनांनी मढलेला कण. पेग हे जमणे कमी करतो, पूर्ण थांबवत नाही.

तिसरी परीक्षा बहुतेक जण वगळतात. पेशीच्या आत ग्लुटाथायोनचे प्रमाण १ ते १० मिलिमोलर असते. त्याच्याही रेणूत थायोल गट असल्याने तो पेगला सोन्यावरून हळूहळू हटवू शकतो. म्हणून ५ मिलिमोलर ग्लुटाथायोनमध्ये कण काही दिवस ठेवून मीठपरीक्षा पुन्हा करावी. ज्या आवरणाने येथे हार मानली, ते यकृताच्या पेशीत महिनोन्‌महिने राहील अशी अपेक्षा ठेवता येत नाही.

एंडोटॉक्सिन

जिवाणूंच्या भित्तिकेतील हे विष काचेवर, पाण्यात, अभिकारकांत कोठेही असू शकते आणि सोन्याच्या पृष्ठभागाला चिकटून बसते. ०.२२ मायक्रोमीटरच्या गाळणीने जिवाणू अडतात, एंडोटॉक्सिन अडत नाही. ते नष्ट करण्यासाठी काच २५० अंशांवर किमान अर्धा तास भाजावी लागते, आणि तेवढी उष्णता तयार कणांना देणे शक्य नाही. साधे ऑटोक्लेव्हसुद्धा थायोलची पकड सैल करू शकते. त्यामुळे स्वच्छता पहिल्या दिवसापासूनच हवी: भाजलेली काच, एंडोटॉक्सिनमुक्त पाणी आणि गाळणीने निर्जंतुक केलेली अभिकारके. काच राजाम्लाने धुताना हायड्रोक्लोरिक आणि नायट्रिक आम्ल तीनास एक प्रमाणात, धूरकक्षातच, ताजे मिसळावे आणि ते बंद बाटलीत कधीही साठवू नये.

एंडोटॉक्सिन मोजण्यासाठी लिम्युलस (नालखेकड्याच्या रक्तावर आधारित) चाचणी वापरतात, पण सोने तिच्यातही लुडबुड करते. तिच्या रंगाधारित प्रकारात वाचन ४०५ नॅनोमीटरवर होते, आणि तिथे सोने स्वतःच प्रकाश शोषते. म्हणून नमुन्यात एंडोटॉक्सिनची ज्ञात मात्रा मुद्दाम घालून ती किती परत मिळते ते पाहावे. ५० ते २०० टक्क्यांच्या आत मिळाली, तरच ते वाचन ग्राह्य. न मिळाल्यास नमुना अधिक विरल करावा किंवा जेल-गुठळी प्रकाराने पडताळा घ्यावा. सेल्युलोजच्या गाळण्यांतून सुटणारे ग्लुकॅन नावाचे शर्करा-रेणू ही चाचणी खोटी सकारात्मक करतात, तेव्हा गाळणीचा पदार्थही नोंदवावा.

शिरेतून दिल्या जाणाऱ्या औषधासाठी मर्यादा दर किलो शरीरवजनाला ताशी ५ युनिटांची आहे. मात्रा किलोला २ मिलिग्रॅम सोने असेल आणि ती तासाच्या आत द्यायची असेल, तर एका मिलिग्रॅम सोन्यामागे २.५ युनिटांपेक्षा जास्त एंडोटॉक्सिन चालणार नाही. हा हिशेब न करता केलेल्या प्रतिकारशक्तीच्या चाचण्यांत कणांमुळे दाह झाला की जिवाणूंच्या अवशेषांमुळे, हे नंतर कोणालाही सांगता येत नाही.

पेशींवरील चाचणी

अमेरिकेतील मेरीलँडमध्ये २००४ साली स्थापन झालेल्या नॅनोटेक्नॉलॉजी कॅरेक्टरायझेशन लॅबोरेटरीने आपल्या चाचणी-क्रमात यकृताच्या हेप जी२ आणि डुकराच्या मूत्रपिंडाच्या एलएलसी-पीके१ या पेशी निवडल्या आहेत. (तिचेही संक्षिप्त नाव एनसीएलच. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेशी तिचा संबंध नाही.) त्यांच्या जोडीला महाभक्षी पेशींसाठी टीएचपी-१ आणि वैद्यकीय साधनांच्या मानकांत रूढ असलेल्या एल९२९ घ्याव्यात. भारतातील संशोधकांना पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्राच्या पेशीपेढीतून अशा पेशी मिळवता येतात. आणल्यावर मायकोप्लाझ्मा या नकळत शिरणाऱ्या जिवाणूंची तपासणी करूनच कामाला लागावे.

मात्रा शून्यापासून दर मिलिलिटरला २०० मायक्रोग्रॅमपर्यंत सात-आठ टप्प्यांत ठेवाव्यात, संपर्क २४ आणि ४८ तासांचा असावा आणि वेगवेगळ्या दिवशी लावलेले निदान तीन स्वतंत्र प्रयोग व्हावेत. वैद्यकीय साधनांसाठीच्या आयएसओ १०९९३ या मानक-मालिकेतील पाचव्या भागानुसार पेशींची जीवनक्षमता कोऱ्या कंट्रोलच्या ७० टक्क्यांखाली गेली, तर पदार्थात पेशीविषारी गुण असल्याचे मानतात.

आता मुख्य अडचण. सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या एमटीटी चाचणीत जिवंत पेशी जांभळे फॉर्मझान बनवतात आणि त्याचे शोषण ५४० ते ५७० नॅनोमीटरवर वाचतात. सुवर्णकणांचे शिखर तिथून हाकेच्या अंतरावर आहे. पेशींनी गिळलेले कण कितीही धुतले तरी आत राहतात आणि त्यांचा लाल रंग जिवंत पेशींच्या खात्यात जमा होतो. परिणामी विषारी कणसुद्धा सुरक्षित भासतात. यासाठी प्रत्येक प्लेटवर चार जादा ओळी राखाव्यात: पेशी आणि कण पण एमटीटीशिवाय, कण आणि एमटीटी पण पेशींशिवाय, आधीच मारलेल्या पेशी कणांसह, आणि केवळ वरचा द्राव. फॉर्मझान विरघळवल्यावर प्लेट सेंट्रिफ्यूज करून निवळ द्राव नव्या प्लेटमध्ये घेतल्यास अडथळा बराच घटतो.

तरीही एकाच चाचणीवर विसंबू नये. फुटलेल्या पेशींतून बाहेर पडणारे एलडीएच हे विकर मोजावे, पण तेही कणांना चिकटू शकते, म्हणून विकराची ज्ञात मात्रा कणांत मिसळून ती किती परत मिळते ते आधी पाहावे. ऑक्सिडीकारक ताणासाठी वापरल्या जाणाऱ्या डीसीएफ या रंगद्रव्याची चकाकी सोन्यामुळे मंदावते, त्यामुळे ‘ताण आढळला नाही’ हा निकाल विशेष संशयाने तपासावा. पेशींची प्रत्यक्ष संख्या मोजणे आणि त्यांची नवी वसाहत धरण्याची क्षमता पाहणे, या दोन जुन्या रीतींना प्रकाशाचा अडथळा होत नाही. वेळखाऊ असल्या, तरी मला त्या अधिक विश्वासार्ह वाटतात.

कण माध्यमात गुठळ्या धरून तळाशी बसले, तर पेशींवर पडणारी मात्रा आपण टाकलेल्या मात्रेहून वेगळी होते. २०११ मधील एका अभ्यासात पेशींचा थर सरळ आणि उलटा ठेवून हा फरक दाखवला गेला. म्हणून प्रयोगाअखेर पेशी विरघळवून, दर पेशीमागे किती सोने आत गेले हे आयसीपी-एमएसने मोजावे. कण पेशीत गेलेच नाहीत आणि म्हणून पेशी जगल्या, ही सुरक्षितता वेगळी आणि आत जाऊनही पेशी जगल्या, ही वेगळी.

रक्त आणि प्रतिकारशक्ती

शिरेतील औषधाला प्रथम रक्तच भेटते. रक्तपेशी फुटण्याची चाचणी एएसटीएम या मानक संस्थेच्या ई२५२४ या पद्धतीने करावी. मानवी रक्त विरल करून कणांसह ३७ अंशांवर तीन तास ठेवतात, मग सेंट्रिफ्यूज करून सुटलेले हिमोग्लोबिन ५४० नॅनोमीटरवर वाचतात. येथेही सोन्याचा रंग आड येतो, त्यामुळे रक्ताविना कणांचे वाचन वजा करणे अनिवार्य आहे. रूढ निकषानुसार २ टक्क्यांपर्यंत रक्तविघटन नाही असे मानतात, २ ते ५ टक्के सौम्य आणि त्यापुढे निश्चित. हिमोग्लोबिन मोजण्यासाठी वापरायच्या ड्रॅबकिन अभिकारकात सायनाइड असते, त्याचा टाकाऊ द्राव आम्लात कदापि मिसळू नये.

याशिवाय रक्त गोठण्याचा वेळ, बिंबाणूंचे एकत्र येणे आणि पूरक प्रथिनांचे सक्रिय होणे तपासावे. पेगच्या बाबतीत एक इशारा आवश्यक आहे. सौंदर्यप्रसाधने आणि औषधांतून संपर्क आल्यामुळे अनेकांच्या रक्तात पेगविरोधी प्रतिपिंडे आधीच असतात, आणि पहिल्या मात्रेनंतर काही दिवसांनी दिलेली दुसरी मात्रा रक्तातून झपाट्याने नाहीशी होऊ शकते. औषध पुन्हा पुन्हा द्यायचे असेल, तर एका मात्रेचा अभ्यास पुरत नाही.

जनुकीय हानीसाठी जिवाणूंवरील एम्स चाचणी नॅनोकणांना फारशी उपयुक्त नाही, कारण कण जिवाणूच्या भित्तिकेतून आत शिरतीलच असे नसते. सस्तन पेशींवरील सूक्ष्मकेंद्रक चाचणी, म्हणजे ओईसीडी या आंतरराष्ट्रीय संघटनेची ४८७ क्रमांकाची पद्धत, घ्यावी. मात्र या चाचणीत पेशीचे विभाजन अर्ध्यावर थांबवण्यासाठी वापरले जाणारे सायटोकॅलॅसिन बी हे रसायन कणांना आत घेणेच रोखत असल्यामुळे ते कणांच्या संपर्कानंतर घालावे.

प्राण्यांवरील चाचणी

वरील सर्व पायऱ्यांत बॅच टिकली, तरच येथे यावे. संस्थेच्या प्राणी नीतिशास्त्र समितीची मंजुरी कामापूर्वी हवी, नंतर घेतलेल्या मंजुरीला किंमत नाही. कंट्रोल गटाला नुसते सलाईन न देता कणांचा वाहक द्राव आणि तितकाच मोकळा पेग द्यावा.

मुख्य प्रश्न सोने कोठे जाते आणि किती काळ राहते हा आहे. २५ ग्रॅमच्या उंदराला किलोला २ मिलिग्रॅम दिल्यास एकूण ५० मायक्रोग्रॅम सोने आत जाते. एक तास, एक दिवस, एक आठवडा, २८ दिवस आणि ९० दिवसांनी यकृत, प्लीहा, मूत्रपिंड, फुफ्फुस, मेंदू, लसिकाग्रंथी, जननग्रंथी, रक्त, मल आणि मूत्र यांतील सोने मोजून बेरीज करावी. बेरीज ५० च्या जवळ आली नाही, तर उरलेले सोने कोठे गेले याचे उत्तर मिळेपर्यंत निष्कर्ष लिहू नये. शेपटीत टोचताना सुई शिरेबाहेर जाणे हे एक नेहमीचे कारण असते, म्हणून शेपटीही तपासावी. आयसीपी-एमएसच्या नळ्यांत सोने चिकटून राहते आणि पुढच्या नमुन्यात उतरते, तेव्हा दर काही नमुन्यांनंतर थायोयूरियासारख्या द्रावाने नळ्या धुऊन कोरे वाचन शून्यावर आल्याची खात्री करावी.

मूत्रपिंडातून बाहेर पडण्यासाठी द्रवातील व्यास साधारण ५.५ नॅनोमीटरपेक्षा कमी लागतो, असे २००७ मध्ये क्वांटम बिंदू या अर्धवाहक नॅनोकणांवरील अभ्यासात दिसले. आपले कण त्याहून कितीतरी मोठे आहेत, ते यकृतातील कुप्फर या भक्षक पेशींत आणि प्लीहेत जाऊन बसणार. ४० नॅनोमीटरच्या कणांवरील २००९ च्या एका अभ्यासात उंदरांच्या यकृतातील बहुतांश सोने सहा महिन्यांनंतरही तिथेच होते. त्यामुळे २८ दिवसांचा अभ्यास करून ‘दीर्घकाळ सुरक्षित’ म्हणणे मला पटत नाही. यकृताची विकरे, क्रिएटिनिन आणि रक्तपेशींची गणना यांसोबत ऊतींचे काप गट न सांगता विकृतितज्ज्ञाकडे द्यावेत. कुप्फर पेशींत काळे ठिपके दिसणे म्हणजे सोन्याचा साठा, ती आपोआप इजा ठरत नाही. भोवती दाह, पेशीनाश किंवा तंतू वाढले आहेत का, हा खरा प्रश्न.

नियामकापुढे जाताना

भारतात जैवतंत्रज्ञान विभागाने २०१९ मध्ये नॅनो-औषधांच्या मूल्यमापनाची मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. त्याच वर्षीच्या नवीन औषधे व चिकित्सालयीन चाचण्या नियमांनुसार नॅनो-औषध हे नवीन औषध गणले जाते. म्हणून मूळ औषध किंवा धातू जुना आणि परिचित आहे, या युक्तिवादावर चाचण्या टाळता येत नाहीत. मंजुरीसाठी सादर करायचे विषशास्त्रीय अभ्यास जीएलपी (उत्तम प्रयोगशाळा कार्यपद्धती) प्रमाणित प्रयोगशाळेत करावे लागतात. विद्यापीठातील प्राथमिक निष्कर्ष त्यांची जागा घेत नाहीत, पण कोणत्या चाचणीत सोने कसे आड येते हे दाखवणाऱ्या नोंदी तिथे फार उपयोगी पडतात.

किमान तीन स्वतंत्र बॅचेसवर संपूर्ण क्रम चालवावा आणि प्रत्येकीचा काही भाग ४ अंशांवर राखून ठेवावा. कण गोठवू नयेत. तीन, सहा आणि बारा महिन्यांनी त्यावर वर्णपट, डीएलएस, मीठपरीक्षा आणि मोकळ्या पेगचे मोजमाप पुन्हा करावे. साठवणीत आवरण सुटू लागले असेल, तर ते आधी वरच्या द्रावात दिसते. तेव्हा त्या साठ्यातील वरचा द्राव वेगळा काढून पेशींवर पुन्हा चालवावा आणि औषधाची वापराची मुदत त्याच निकालावरून ठरवावी.